दारातला मारवेल

"लोकांच्या दारात मोगरा असतो, जास्वंद असती. आमच्या दारात वैरण," नळाचा पाइप ओढत सोपानराव पुटपुटले. तेही धुरपदाच्या कानाशी. बायकोनं ऐकावं पण उत्तर देऊ नये, अशा बेतानं.

दौंडच्या नव्या बंगल्याच्या पायरीशी तिनं गेल्या पावसाळ्यात मारवेल गवताचे वीस ठोंब लावले होते. कुरकुंभच्या अंगाला त्यांचा माळ होता, तिथून खुरप्यानं काढून पोत्यात घालून आणलेले. दिवाळीनंतर माळ गोदामवाल्याला गेला आणि माळ हा शब्दही घरातून गेला. "तिकडं" म्हणायचे आणि चहा टाकायचे.

उन्हाळा लागला, मारवेल वाळला. वाळणारच. वरून वाळायचं आणि मुळाशी जीव धरून बसायचं, ही त्याची जात. मृगात तो फुटला की आपलं तिथलं काहीतरी उरलं, एवढाच धुरपदाचा हिशोब.

पण सोपानरावांनी जन्मभर ऊस केलेला. पिवळं दिसलं की पाणी सोडायचं, हे एकच औषध त्यांना ठाऊक. उसाचं रान आता वाट्यानं दिलेलं. ना मोटर चालू करायची, ना पाण्याची दारं धरायची. सकाळी पाणी, दुपारी पाणी, टीव्हीपुढं दहा मिनिटं बसले की उठून परत पाणी.

"आवं, त्यो ऊस न्हाई," धुरपदा म्हणायची.

"मग मरू दे व्हय?" नावं ठेवणारा माणूसच विचारायचा.

रविवारी तिनं एक ठोंब सहज चाचपला. तो अलगद हातात आला. मुळं काळी, आंबूस वासाची. दुसरा तसाच. तिसराही.

"समदे कुजले," ती म्हणाली.

सून शितल कपडे वाळत घालत होती. कुरकुंभच्या कंपनीतली तिची आठवड्याची सुट्टी. "जाऊ द्या आत्या, दुसरे आणू की. कुठनं आणलं हुतं..." आणि तिनं चिमटा दातात धरला.

पाइप वाहतच होता.

"तिकडनं," धुरपदा म्हणाली.

सोपानरावांनी नळ बंद केला. कितीतरी दिवसांनी पायरीवर नीट टेकले आणि तिच्या हातातला ठोंब घेऊन बोटांनी चिखल काढत राहिले.

"तिकडनं न्हाई," ते म्हणाले. "माळावनं. आन् माळ इकायला नको हुता मी."