शाहीर गप्प बसला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना डफ आहे. माझी लाकडी कड जुन्नरच्या सुताराने घडवली आणि तिच्यावर बकऱ्याचं कातडं ताणून बसवलं. शाहीर दिलावरने मला पहिली थाप दिली आणि आम्ही दोघे जत्रा गाजवू लागलो. तो गायचा, मी घुमायचो. "वा राव, डफ असावा तर असा!" असं लोक म्हणाले की मी फुगून जायचो.

दमट हवेत माझं कातडं सैल पडतं. मग दिलावर मला मंद जाळावर बेताने शेकायचा. फार शेकलं तर मी फाटेन, हे त्याला ठाऊक होतं. स्वतःच्या गळ्याची मात्र त्याला काडीची पर्वा नव्हती.

एका चैत्रात निरगुडसरची जत्रा होती. संध्याकाळी आमचं गाणं आणि दुपारी बैलगाड्यांची शर्यत. आमच्या मुलखातला माणूस शर्यत बघताना कधी गप्प बसेल का? त्यातून पळत होते ते सोपानचे बैल. सोपान म्हणजे गाण्यात मागून सूर धरणारा आमचा सोबती. दिलावर बेंबीच्या देठापासून ओरडला, उधळलेला भंडारा त्याच्या नाकातोंडात गेला. संध्याकाळी गायला उभा राहिला, तर गळ्यातून नुसता फाटका आवाज! तरी हट्टाने ताणून गायला. सकाळी तोही आवाज गेला.

मी घाबरलो. शाहिराचा गळा गेला की डफ खुंटीला, आणि मग उंदरांनी कुरतडणं ठरलेलंच! सोपान म्हणाला, "मिरीचा कडक काढा घ्या." शेजाऱ्यांनी दारूही सुचवली. पण दिलावरची बायको बिबिजान मोठी खमकी. तिने वैद्यांनाच घरी आणलं.

"पुनवेपर्यंत बोलायचं न्हाई," वैद्य म्हणाले. "कुजबुजायचं बी न्हाई, त्यानं गळा जास्तच ताणतो. सारखं खाकरायचं न्हाई. कोमट पानी घोट घोट प्यायचं, जेष्ठमध चघळायचं."

मग माझ्यावर नवंच काम आलं. एक थाप म्हणजे 'हो', दोन थापा म्हणजे 'नाही'. कुणी मुद्दाम दारातून विचारी, "काय शाहीर, संपलं का गाणं?" तेव्हा अशा दोन थापा बसत की माझी कड दुखे.

पुनवेची सकाळ उजाडली. दिलावर मला मांडीवर घेऊन बसला, पण तोंडच उघडेना. एवढा धीट माणूस! आवाज निघालाच नाही तर, हीच त्याला भीती.

"अवं, जोर लावू नगा. मिटल्या तोंडानं गुणगुणा," बिबिजान हळूच म्हणाली.

त्याने डोळे मिटले. कुणी थाप न मारताच माझं कातडं थरथरलं. मित्रांनो, त्याचा सूर सगळ्यांत आधी मला कळला! बिबिजानने माझ्यावर हात टेकला आणि ती हसत हसत रडू लागली. माझाही जीव भांड्यात पडला.

"लई भूक लागलीया," दिलावर स्वच्छ आवाजात म्हणाला.

"बास! आज एवढंच बोलायचं," बिबिजानने दटावलं आणि ती डोळे पुसत चुलीकडे गेली.

पुढे आम्ही कितीतरी जत्रा केल्या. शर्यतीत तो माझ्यावर थापा मारी, पण ओरडत नसे. आज दिलावर नाही, मीही अडगळीत आहे. बाळांनो, तुम्ही शाळेत कविता म्हणता, मैदानात ओरडता. गळा बसला तर त्याला गप्प बसू द्या. माझं कातडं दोनदा फाटलं, दोनदा नवं बसवलं. गळ्याला नवं कातडं बसवणारा कारागीर मात्र मला अजून भेटलेला नाही.