आयेचं ‘काय न्हाई’

“काय न्हाई गं, जरा पाठ भरून आलीया.”

प्रांजलच्या कानात हा आवाज लहानपणापासून होता. मेंढरांमागून आलेली आई बाभळीच्या सावलीत पोट धरून बसायची आणि पोरीनं विचारलं की हेच म्हणायची. विंचू चावला तवाही काय न्हाई. आता मंगल चव्वेचाळीस वर्षांची होती, पाळी आली की तीन-तीन आठवडे थांबत नव्हती, अंगातलं रक्त साडेसहावर आलं होतं, ओठ पिठात बुडवल्यासारखे पांढरे. तरी तिचं काय न्हाईच.

आठ महिन्यांत तीन दवाखाने झाले. दहिवडीला लोहाच्या गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या डॉक्टरांनी थायरॉइड तपासलं, ते ठीक निघालं. साताऱ्यात सोनोग्राफीत गाठ दिसली नाही, अस्तराचा तुकडा तपासला त्यातही काही सापडलं नाही. तेव्हा तिथले डॉक्टर म्हणाले, “कारण शोधत बसण्यापेक्षा पिशवी काढून टाकू. सोमवारी या.” मेंढीची लोकर कातरायची असावी तशी मंगल मान हलवून मोकळी झाली. प्रांजलनं मात्र फाइल उचलली आणि आईबापाला आपल्या सासरी, माधवनगरला आणलं. शनिवारी सांगलीत डॉक्टर दीक्षांकडं नंबर लावला.

“फाइलमध्ये नाही असं एखादं औषध चालू आहे का?” डॉक्टरांनी विचारलं.

“न्हाई,” मंगल म्हणाली.

“आये, नीट आठवून सांग. तीन ठिकाणी हेच सांगितलंस.”

“मग चौथ्या ठिकानी येगळं कशाला सांगू?”

प्रांजलनं कपाळाला हात लावला. शेजारी तिचा बाप, मल्हार, मांडीवर पटका ठेवून वरच्या पंख्याकडं बघत होता. सगळ्या दवाखान्यांत त्यानं पंखेच बघितले होते.

“मागची पाळी कधी आली?”

“चंपाषष्ठीचा निवद झाला, त्याच्या दोन दिसांनी.”

“डॉक्टर, तारखा मी फाइलमध्ये लिहून आणल्यात,” प्रांजल घाईनं म्हणाली. आईच्या सणावारांच्या तारखा करता करता तिला वीट आला होता.

“तारखा राहू दे. यांनाच बोलू दे. त्याच्या आधी?”

“दिवाळी उरकल्याव.”

“आणि त्याच्या आधी?”

“दसऱ्याची बिरोबाची पालखी देवळात परत गेली, त्याच्या दुसऱ्या दिशी. त्या आधी श्रावण सरल्याव.”

डॉक्टरांचं पेन थांबलं. “मंगलताई, तुमची पाळी पंचांग बघून येते का? एकाही सणाला आडवी आली नाही.”

प्रांजलला हसू फुटता फुटता आटलं. हेच सण तिनं आपल्या हातानं पुसून, आकडे करून, सुबक अक्षरात फाइलला लावले होते. चिडायचं तरी आता कुणावर?

“काय न्हाई ओ, देवाची किरपा,” मंगल खाली बघत म्हणाली.

“किरपा कसली,” मल्हार बोलला. पंख्यावरची नजर खाली आली होती. “गोळ्या म्या आनून देतोय. पाळी म्होरं ढकलायच्या. आमची आई, हरणाबाई, गेल्यापासनं देवाचा निवद करायला घरात दुसरी बाई न्हाई. ही बाजूला बसली तर देव उपाशी. सण आला की चालू, सण झाला की बंद. तीन वरसं झाली.”

“आबा, आन तुमी आठ महिनं गप बसलासा?”

“डाक्टर औषधाचं इचारत हुतं. ती गोळ्यांची पुडी देव्हाऱ्यात, भंडाऱ्याच्या डबीखाली असती. तिला औषध कसं म्हनायचं?”

डॉक्टरांनी फाइलमधल्या साताऱ्याच्या, सोमवारच्या ऑपरेशनच्या चिठ्ठीवर आडवी रेघ मारली. “पिशवीत दोष दिसत नाही. गोळ्या घ्यायच्या, मधेच सोडायच्या, यानंच पाळीची घडी विस्कटली असणार. आता ती गोळी बंद. आधी रक्त भरून काढू, तीन महिने बघू. लगेच कापाकापी नको.”

“आन निवद?” मंगलनं हळूच विचारलं.

“त्यो म्या रांधीन,” मल्हार म्हणाला. “करपला तर बिरोबा खाईल करपल्याला.”

बाहेर आल्यावर मंगल पायरीशी थबकली, कठड्याला धरून. प्रांजलनं सवयीनं विचारलं, “आये, काय हुतंय?” आणि सवयीच्या उत्तराआधीच तिला राग येऊ लागला.

मंगलनं एकदा नवऱ्याकडं बघितलं, एकदा लेकीकडं.

“लय दमलीया गं म्या,” ती म्हणाली. “तीन वरसं झाली, धड उभं ऱ्हावत न्हाई.”