कुंपणाकडची शेंग

फाटक उघडण्याचीही कुणी वाट बघितली नाही. सकाळीच माणसं कुंपणावरून माना उंचावून परसात डोकावू लागली. सलूनवाला गिऱ्हाइकाच्या गालावर साबण तसाच ठेवून आला होता, आणि ते गिऱ्हाईकही गळ्यातल्या टॉवेलासकट त्याच्या मागोमाग आलं होतं.

“कुठेय, कुठेय?”

“ते काय, काठीच्या टोकाशी! जांभळं!”

“अहो, या घरचा घेवडा म्हणजे दुधासारखा. फूल पांढरं, बी पांढरं. माझी आई इथूनच बी मागून न्यायची.”

“मग? चमत्कार म्हणजे आणखी काय असतं?”

वरच्या खोलीच्या खिडकीतून त्या घरची सून हे सगळं बघत होती. कडेवर दीड वर्षाचा मुलगा होता आणि खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती. सुनेची सावली वेलावर पडता कामा नये, असा मौनीबाबांचा हुकूम होता.

या बाबांना मौनी का म्हणत, हे कुणालाच सांगता आलं नसतं. तोंडाचा पट्टा एकदा सुटला की समोरच्याला श्वास घ्यायची सवड मिळत नसे. आदल्या दिवशी सासूबाईंनी पिठाच्या गिरणीत वेलाची गोष्ट भीत भीत काढली काय, आणि संध्याकाळच्या आत बाबा परसात येऊन वेलाला कान लावून उभे राहिले काय!

“वेल बोलतो, माई. तुम्हाला ऐकू येत नाही, मला येतं. तो म्हणतोय, माझं बी बदललं. मी विचारलं, कुणी रे राजा? तर म्हणतो, वरच्या खोलीत बघ.” मग डोळे मिटून, अगदी सहज विचारल्यासारखं, “घरात घाऱ्या डोळ्यांचं कुणी आहे का हो?”

सासूबाईंच्या हातातली तांब्याची लोटी खाली पडली. नातवाचे डोळे घारे होते. घरात दुसऱ्या कुणाचेच नव्हते. हे त्यांनीच गिरणीत कधीतरी कौतुकाने सांगितलं होतं, ते मात्र त्यांना आठवलं नाही.

बाबांनी निवाड्याची रीतही लगेच ठरवून टाकली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत जांभळ्या वेलाची वाळलेली शेंग उघडायची. आत पांढरं बी निघालं तर सून निर्दोष. काळं निघालं तर सुनेने माहेरी जायचं, आणि पोराने शुद्धीसाठी बाबांच्या मठात राहायचं. किती दिवस, ते वेल सांगेल.

रात्रीचं जेवण घेऊन नवरा वर आला. ताट आत सरकवलं आणि उंबऱ्यातच घुटमळला.

“तुम्हाला काय वाटतं?” तिने विचारलं.

“मला काय वाटायचंय? आई म्हणते…”

“मी आईंना नाही विचारलं.”

“अगं, एवढा उद्याचा दिवस जाऊ दे ना. लोक जमणार आहेत. आता थांबवलं तर आणखी बोलतील.”

त्याने दार ओढून घेतलं. कडी मात्र अगदी हळू लावली, जणू हळू लावली म्हणजे ती लागतच नाही.

तिने मुलाला इतकं घट्ट धरलं की तो कुरकुरला. दाताने बेजार झालेलं पोर रात्रभर झोपलं नाही, म्हणून तीही जागीच होती. आणि म्हणूनच पहाटे तिला ते दिसलं. परसात बाबा एकटेच आले होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, जांभळ्या वेलाच्या बुडाची एक वाळकी शेंग तोडली, शिवणीत नख घालून ती जरा उकलली, आत डोकावून पाहिलं, पुन्हा चिमटीत दाबून बंद केली आणि झोळीत टाकली. बियांचा रंग तिला इतक्या वरून दिसला नाही. बाबांचा चेहरा दिसला. खूश होता.

म्हणजे बी काळं होतं.

भीती वाटली, तरी डोकं चालत होतं. कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकली होती. लग्नानंतर ते कुणी विचारलं नव्हतं, इतकंच. पांढऱ्या बियांतून काळं बी येतं कसं? आणि तिला गेल्या वर्षीची हीच खिडकी आठवली. मुलगा तेव्हा याच जमिनीवर रांगत होता, आणि त्याला सांभाळता सांभाळता तिला बघायला होतं काय, तर हे परस आणि कुंपण. कुंपणापलीकडे शिवणकाम करणाऱ्या काकूंनी त्या एकाच वर्षी कुठलातरी घेवडा लावला होता. त्याची फुलं जांभळी होती. आणि एक लठ्ठ काळा भुंगा त्या जांभळ्या फुलांतून निघून इकडच्या पांढऱ्या फुलांत अंग घुसळायचा. मुलगा त्याला बघून टाळ्या वाजवायचा.

आता परस भरलं होतं. कडी निघाली, आणि नवऱ्याने खाली मान घालून तिला जिन्याने उतरवलं. लोकांनी वाट दिली. एका बाईने तर तिचा पदर लागू नये म्हणून आपली पिशवी मागे घेतली. कडेवरचं पोर सगळ्यांकडे आपल्या घाऱ्या डोळ्यांनी टकामका बघत होतं.

“बघा,” बाबा म्हणाले, “वेल सांगतो, काळं. मी अजून शेंगेला हात लावलेला नाही. वेलच सांगतो.”

“वेलाला विचारायची काय गरज?” ती म्हणाली. “काळंच निघणार. पहाटे तुम्ही शेंग उकलून बघितलीत. ती झोळीत आहे.”

“पोरी, जीभ सांभाळ!”

“झोळी उलटी करा ना.”

बाबांनी झोळी छातीशी धरली. तेवढ्यात साबणाने भरलेल्या गालाच्या गिऱ्हाइकाने पुढे होऊन झोळीचं एक टोक ओढलं. “एवढं काय धरून बसलात, सासरचं सोनं आहे का?” अंगारा, माळा, अर्धा खाल्लेला पाव, आणि ती शेंग खाली पडली. पडताच उकलली. आतून काळं कुळकुळीत बी घरंगळलं.

हसू आधी फुटलं, पण काळं बी बघून ते विरलं. सासूबाई पुढे आल्या. रागाने नव्हे, रडवेल्या होऊन.

“बघितलं असेल त्यांनी. पण बी काळंच आहे ना गं? मी स्वतः निवडून ठेवलं होतं. माझ्या सासूने शिकवलं तसं, दरवर्षी कुंपणाकडच्या टोकाची शेंग. तीच आधी वाळते. एका दाण्यावर डाग नव्हता!”

“आई, तेच तर,” ती म्हणाली. “कुंपणाकडची. काकू, गेल्या वर्षी कुंपणापलीकडे तुमचं काय होतं?”

“तो मेला घेवडाच की!” गर्दीतून शिवणवाल्या काकू बोलल्या. “जांभळी फुलं, काळं बी. शेंगा अशा चिवट, दाभणाने शिवाव्या लागल्या असत्या. उपटून टाकला.”

“भुंग्याने त्याचे पराग आपल्या पांढऱ्या फुलात आणले. घेवड्याचं फूल आतल्या आत, आपल्याच परागांनी फळतं, म्हणून असं क्वचित होतं, म्हणून तुम्ही कधी पाहिलं नाही. आणि बियाचं साल असतं ते आईवेलाचं. आत मिसळ झाली तरी बाहेरून ते पांढरंच दिसतं. तुम्ही नीटच निवडलं, आई. रंग दिसायला ते बी पेरून वेल वाढवावा लागतो.”

मग मौनीबाबांनी दोन्ही हात वर केले.

“ऐकलंत? ऐकलंत ना? शेजारचे पराग! पांढरं साल आणि आत परक्याचं बी! स्वतःच्या तोंडाने कबूल केलं बाईने!”

गर्दीत कुजबुज धावली. पिशवीवाली बाई चक्क “अगं बाई” म्हणाली. सुनेला वाटलं, जिना, दार, कडी सगळं चालत परसात आलं आणि तिच्याभोवती उभं राहिलं. जे खरं सांगितलं, त्याचीच दोरी झाली होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो काठीकडे बघत होता.

मग कडेवरच्या मुलाने फुलाकडे हात करून टाळी वाजवली. एक भुंगा आला होता.

“हा गेल्या वर्षीही अशाच टाळ्या वाजवायचा,” ती सावकाश म्हणाली. “भुंगा आला तेव्हा हा रांगत होता, बाबा. जन्मलेला होता. वेलात जे घडलं ते याच्या जन्मानंतर घडलं. मग वेल याच्या जन्माची साक्ष कशी देईल? आणि घराचंच पाप फुलत असेल, तर बाकीचे वेल पांढरे का?” तिने शेजारच्या पांढऱ्या वेलाची वाळकी शेंग तोडून सासूबाईंच्या हातात दिली. “उघडा, आई. आत पांढरं निघेल. हे सांगायला मला वेलाला कान लावावा लागत नाही.”

सासूबाईंनी शेंग उकलली. तळहातावर पांढरे, टपोरे दाणे. एकेक दाणा त्यांनी बोटाने उलटून पाहिला. मग मान वर न करता म्हणाल्या, “रांगत होता खरा. माझं वाळवण उधळलं होतं त्याने.”

“वेल नाराज होईल!” बाबा ओरडले.

“त्याला पाणी घालू आम्ही,” सासूबाई म्हणाल्या. “तुम्ही निघा.”

बाबा निघाले. जाताना पाव मात्र उचलायला विसरले नाहीत.

लोक पांगू लागले, तशी ती जरा मोठ्याने बोलली, “ऐकून जा. पुढल्या वर्षी हे काळं बी पेरा. काही वेल पुन्हा पांढरे फुलतील. तेव्हा त्याला कुणी पुण्य म्हणू नका, आणि आज याला पाप म्हणू नका. फुलाला आपल्या घरातलं काही ठाऊक नसतं. काही नवल दिसलं तर आधी कुंपणापलीकडे बघा. माणसाच्या गळ्याला दोर लावायची घाई करू नका.”

काकूंनी पदरात मूठभर काळं बी बांधून घेतलं.

नवरा जवळ आला. “अगं, माझ्या मनात तसं काही नव्हतं.”

“पेचकस कुठे असतो?” तिने विचारलं.

त्याने आणून दिला. मूल सासूबाईंकडे देऊन ती वर गेली आणि दाराबाहेरच्या कडीचे स्क्रू एकेक करून काढू लागली. तो म्हणाला, दे, मी काढतो. तिने दिला नाही.