मागच्या बाकावरचं इंग्रजी

शमशादबाईंच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. १९९८ सालचा पावसाळा संपता संपता ते आलं आणि दिवाळी झाली तरी माझ्या उशाशी तसंच होतं. त्यांनी लिहिलं होतं, "सर, तुमचं शब्दांवरचं सदर आम्ही क्लासात वाचतो. एकदा उचगावला येऊन आमच्या बायकांशी तासभर इंग्रजीत बोला. तुमच्यासारख्या माणसाचं इंग्रजी त्यांनी कधी ऐकलेलं नाही."

मीही ऐकलेलं नव्हतं.

कोल्हापुरातल्या एका ग्रंथालयात जन्म गेला. इंग्रजी शिकलो ते कोशांतून, तोंड मिटून. कुठला शब्द कुठून आला, हे एका साप्ताहिकात लिहायचो. पण देवळाजवळ कुणी परदेशी माणसानं रस्ता विचारला, तर नुसतं बोट दाखवून सटकायचो. उचगावला गेलो तर अब्रू जाणार. नाही म्हणावं, तर कारण काय लिहायचं? रोज एक पोस्टकार्ड काढायचो, 'सप्रेम नमस्कार' लिहायचो आणि उठून येरझाऱ्या घालायचो.

"मामा, बसा की जरा," सून म्हणायची. "फरशी झिजंल."

शेवटी एका सोमवारी उचगावची बस धरली. नुसतं बाहेरून बघून परत यायचं ठरवलं होतं. क्लास पिठाच्या गिरणीवरच्या माडीत. मी जिन्यात घुटमळत होतो, तेवढ्यात मागून भाजीची रिकामी पाटी घेऊन एक बाई आली.

"काय पावणं, नाव घालाय आलासा व्हय? लाजतासा कशापायी? मी बनाबाई. मी बी पन्नाशीतच शिकाय लागलोय की."

मी काही बोलायच्या आत तिनं मला पुढं घातलं आणि मागच्या बाकावर बसवलं. सदराबरोबर माझा फोटो कधी छापत नसत, त्यामुळे शमशादबाईंनी मला ओळखलं नाही. तिशीतल्या असतील. हातात माझ्याच सदराचं कात्रण होतं.

"ऐका. एप्रन शब्द आधी नेप्रन होता. 'अ नेप्रन' म्हणता म्हणता त्यातला न मागच्या अ-ला जाऊन चिकटला आणि एप्रन उरला. अम्पायरचंही तसंच झालं."

"म्हंजे सायबं बी चुकत्यात?" बनाबाई म्हणाली.

"चुकले, आणि तीच चूक डिक्शनरीत बसली."

"आन आमी चुकलो की फिदीफिदी हसाय हायतच!"

ते मी गंमत म्हणून लिहिलं होतं. माझ्यासाठी त्यात काही असेल, असं कधी वाटलं नव्हतं.

मग प्रत्येकीनं उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं. "आय सेल मेथी. ऑल फिनिश!" बनाबाई ओरडली. टाळ्या पडल्या.

"आजोबा, आता तुम्ही."

उठून जावं असं वाटलं. पण दारापर्यंत बायकाच बायका. मी उभा राहिलो.

"आय..."

"मोठ्यानं की ओ!"

"आय केम... बाय... बस."

"एवढ्या वेळात बस माघारी बी गेली असंल!" बनाबाई म्हणाली. सगळ्या खो खो हसल्या.

"व्हेरी गुड. नेक्स्ट," शमशादबाई म्हणाल्या आणि पुढची बाई उभी राहिली.

एवढंच. ज्याला जन्मभर भ्यालो, ते एवढंच होतं.

घरी आल्या आल्या कार्ड काढलं. 'शमशादबाईंस सप्रेम नमस्कार. येत्या सोमवारी येतो. तासभर जमेलच असं नाही. अडखळलो तर बायकांना हसू द्या. भाषण झाल्यावरही मला मागच्या बाकावर येऊन बसायचं आहे. मी कोण, ते बनाबाईंना विचारा. बसनं आलेला म्हातारा.'

मिरजकर तिकटीच्या चौकातल्या टपालपेटीत कार्ड टाकलं आणि लगेच वाटलं, तारीख घातली की नाही? फटीत बोटं घालून पाहिली. कार्ड हाताला लागलं नाही.