ठेक्याआधीची मोकळी जागा

मित्रांनो, पाय डुगडुगतात, अंग आखडते, तरी रोज उभा राहतो, असा मी एक जुना इलेक्ट्रिक पियानो आहे. हळूहळू सांगेन. घाईने बोलायची ताकद आता उरलेली नाही.

माझ्या पोटात प्रत्येक पट्टीसाठी एक छोटी हातोडी आणि एक पोलादी काडी आहे. कारखान्यातल्या एका बाईने त्या काड्या कान लावून एकेक जुळवल्या. मग एका जॅझवाल्याने मला घेतले. बावीस वर्षे आम्ही एका हॉटेलच्या जेवणघरात वाजवले. सोबतीला फक्त एक ड्रमवाला. बेस वाजवायला कोणी नव्हते, म्हणून खालचे सूर मालकांचा डावा हातच सांभाळायचा. कुठे म्हणून रिकामी जागा नाही! लोक चमचे खाली ठेवून ऐकायचे. पुढे हॉटेल बंद पडले. माझ्यावर चादर आली आणि चादरीवर इस्त्रीचे कपडे. दोन वर्षे मला कोणी विचारले नाही.

एके दिवशी मालकांच्या लेकीने ते कपडे उचलले. ती फंकच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवते. फंकमध्ये ठेका आधी, बाकी सगळे मागून. "बाबा, आमचा पियानोवाला सोडून गेला. येता का?" मालक इतके खूश झाले की लगेच दाढी करायला धावले.

पण सवय कुठे जाते? तालमीत त्यांचा डावा हात सारखा खाली घसरायचा.

"बाबा, खालचे सूर माझे आहेत. कशाला लुडबुडता?"

"अगं, हात आपोआप जातो."

"मग बसा त्याच्यावर!"

आणि खरेच, साठीचा हा गृहस्थ डाव्या हातावर बसून वाजवू लागला. मग उजवा हात दोघांचे काम करू लागला. "बाबा, ठेक्याआधी जरा जागा मोकळी सोडा," हे सांगून लेक थकली. शेवटी लेक म्हणाली, "एक कार्यक्रम करून बघू. नाहीच जमलं तर राहू द्या, बाबा." त्या दिवशी मालक जेवले नाहीत. टाळ्यांचे त्यांना काही नव्हते. त्यांना तिच्या शेजारी बसून वाजवायचे होते.

कार्यक्रमात त्यांनी मला असे काही बडवले की दुसऱ्याच गाण्यात माझी मधली एक काडी कट्कन तुटली. मला खरेच सहन होईना. ती पट्टी मुकी झाली, म्हणून दर फेरीत ठेक्याआधी तेवढी जागा रिकामी राहू लागली आणि तिथून बेस मोकळा बाहेर आला. लोक उठून नाचू लागले.

"बाबा, हीच ती जागा! जमलं की!" लेक ओरडली.

ती शाबासकी मालकांना पचेना. सकाळी त्यांनी झाकण उघडून तिला तुटलेली काडी दाखवली. "मी नव्हतो थांबलो. हा थांबला."

लेकीने आत वाकून पाहिले. "दुरुस्त करून घ्या," ती म्हणाली. "अजून एकदा बघू."

नवी काडी बसली. पुढच्या कार्यक्रमात तेच गाणे, तीच जागा. मी हातोडी सावरून तयार होतो. मालकांचे बोट पट्टीवर आले, टेकले आणि न दाबताच वर गेले. लेकीने वळून पाहिले. ती हसली नाही, तिचे डोळे भरून आले होते.

मित्रांनो, आम्हा जुन्यांना चादरीखाली टाकू नका. मोडले तर वेळेवर दुरुस्त करा. पण वाजवताना अधूनमधून थोडे गप्पही राहू द्या. चादरीखालची दोन वर्षे म्हणजे नुसती अडगळ होती. विश्रांती मला मिळाली ती त्या दिवशी, भर गाण्यात, पहिल्यांदा.