जेवणानंतरचा वारा

हवा दिसत नाही, पण तिची चाल दिसते, असं वहिनींचं म्हणणं होतं. ती चाल बघायला त्या खिशात लोकरीचे तुकडे बाळगत. मोठाल्या इमारतींमधली गार-गरम हवेची यंत्रं सांभाळायचं काम त्या आणि त्यांचे धाकटे दीर मिळून करत. दिरांना प्रत्येक इमारत ‘भावजी’ म्हणायची, कारण वहिनी त्यांना तशी हाक मारत आणि ती हाक जिन्यातून चार मजले ऐकू जाई.

त्या दिवशी एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या वाद्यं दुरुस्त करणाऱ्या काकांनी त्यांना बोलावलं होतं. टेबलावर एक जुना चेलो, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, उताणा निजवलेला होता. त्याच्या पुढच्या फळीला मधोमध चीर गेली होती. काकांनी सकाळीच ती गरम सरसाने सांधून दोन्ही बाजूंनी लाकडी शिकंजे आवळले होते.

“दोनदा सांधली आणि दोनदा उघडली,” काका म्हणाले. “सकाळी सगळं ठीक असतं हो. जेवणं झाली की या वरच्या जाळीतून असा गार वारा सुटतो की विचारू नका. सरस अजून ओला, फळी पापुद्र्यासारखी पातळ. कोरडा वारा लागला की लाकूड आकसतं आणि सांधा आ वासतो. दर वेळी जुना सरस खरवडून काढावा लागतो, त्याबरोबर लाकूडही जातं. आता खरवडायला काही उरलेलं नाही. आज उघडला, तर चेलो हातचा गेला.”

“मग जाळीला फडकं बांधायचं की,” भावजी म्हणाले.

“बांधलं होतं. खोली कोंदली. सरस वाळेचना.”

भावजींनी हत्यारांची पेटी उघडली. “थर्मोस्टॅट बदलून टाकू, वहिनी. नवा बसवला की आपण मोकळे.”

“तो बिघडलाय कशावरून?”

“जुना झालाय.”

“जुनी तर मीही झालेय. मला पण बदलता का?”

“ते दादाला विचारावं लागेल,” भावजी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, आणि इतका वेळ कपाळाला आठ्या घालून बसलेल्या काकांनासुद्धा हसू आलं.

दोघं गच्चीवर जाऊन यंत्र बघून आले. पट्टा ताणलेला होता, फिल्टर स्वच्छ होता, पंख्याची कुरकुर नव्हती. यंत्र ठणठणीत! “आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं नको व्हायला,” वहिनी पुटपुटल्या.

यंत्रातून निघालेली हवा पत्र्याच्या एकाच मोठ्या नळातून या मजल्यावर यायची आणि मग दोन वाटांनी जायची. एक वाट काकांच्या खोलीत, दुसरी भिंतीपलीकडच्या नकाशांच्या कचेरीत. दोघांत मिळून थर्मोस्टॅट एकच, आणि तो कचेरीच्या भिंतीवर. म्हणजे एका ताटात जेवणारी दोन भावंडंच. एकाने हात आखडता घेतला, तर दुसऱ्याच्या वाट्याला जास्त येणार. पण आज हात आखडतंय कोण, आणि तेही जेवणानंतरच का? वहिनींना हे कोडं काही सुटेना, आणि न सुटलेलं कोडं त्यांना दुखऱ्या दातासारखं सतावत असे.

त्यांनी काकांच्या जाळीला लोकरीचा लाल धागा बांधला.

“सुतावरून स्वर्ग गाठणार वाटतं,” भावजी म्हणाले.

“स्वर्ग नको. वारा कुठून येतो तेवढं कळलं तरी पुरे.”

धागा सुस्त लोंबत राहिला. शेजारी डबे उघडल्याचे आणि मग बंद केल्याचे आवाज आले. थोड्या वेळाने धाग्याने शेपटी हलवली. मग तो उचलला गेला आणि बघता बघता आडवा होऊन फडफडायला लागला. वारा थेट चेलोवर येत होता.

काकांनी गोधडी ओढली आणि पिलांवर पंख पसरलेल्या कोंबडीसारखे ते टेबलावर ओणवे झाले. “बघत काय बसलात? यंत्र बंद करा!”

“भावजी, तुम्ही वर पळा आणि बटणावर हात ठेवून थांबा. मी हाक मारली तरच बंद करा.” मग त्या काकांना म्हणाल्या, “नुसतं बंद केलं तर चोर पळून जाईल, काका. उद्या परत येईल. गोधडी अशीच धरा. आलेच मी.”

“माझा सांधा म्हणजे तुमचा प्रयोग नव्हे, बाई!” काका ओरडले, पण तोवर वहिनी दाराबाहेर पडल्या होत्या.

कचेरीत नकाशे काढणारी एक बाई खुर्चीवर चढून डोक्यावरच्या जाळीला पुठ्ठा चिकटवत होती.

“हे रोज करता?”

“करणार नाही तर काय! जेवण झालं रे झालं की मानेवर बर्फ ओततात मेले.” बाईंनी वहिनींच्या कपड्यांवरचं ग्रीस बघितलं आणि जीभ चावली. “तुम्हीच का त्या?”

“मीच ती मेली,” वहिनी हसल्या. पण त्यांचे डोळे कोपऱ्यात लागले होते. तिथे तिवईवर चहाची किटली खदखदत होती आणि तिची वाफ सरळ वरच्या थर्मोस्टॅटवर जात होती.

थर्मोस्टॅटच्या त्या डब्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, ही वाफ कुणाच्या चहाची! त्याला वाटलं, खोली तापली. त्याने यंत्राला सांगितलं, ओत गारवा. बाईंनी जाळी बुजवली, आणि तो सगळा गारवा काकांकडे वळला.

वहिनींनी किटली बंद केली, जाळी मोकळी केली आणि त्याच पुठ्ठ्याने डब्याला वारा घातला. थोड्या वेळाने वरची घरघर मंदावली. भिंतीपलीकडून काकांचा आवाज आला, “पडला! धागा पडला!”

“म्हणजे आम्ही चहा प्यायचा नाही?” नकाशेवाल्या बाईंनी विचारलं.

“प्या की पोटभर. त्या डब्याला तेवढा पाजू नका. किटली खिडकीकडे न्या.”

“प्लग इथेच आहे ना. नाहीतर एवढ्या अडचणीत कोण ठेवतंय?”

इतक्यात भावजी धापा टाकत आले. “हाक कुठाय तुमची? बंद करू की नको?”

“भावजी, इथली जाळी साफ करायच्या मशीनला हाताशी प्लग हवा, म्हणून या कोपऱ्यात तो कुणी बसवून घेतला होता हो?”

भावजींनी प्लगकडे पाहिलं, किटलीकडे पाहिलं, मग थर्मोस्टॅटकडे. “खिडकीपर्यंत वायर ओढायला फार वेळ नाही लागणार,” ते हळूच म्हणाले आणि पेटी आणायला गेले.

वायर त्यांनी ओढली, पण काकांचा जीव भांड्यात पडला नव्हता. थोडा का होईना, वारा लागलाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी शिकंजे सोडताना वहिनी आणि भावजी तर होतेच, नकाशेवाल्या बाईही दारात येऊन उभ्या राहिल्या. काकांनी शेवटचा शिकंजा काढून बाजूला ठेवला, डोळे मिटले आणि करंगळीचं नख फळीवरून आडवं, सांध्याच्या या अंगाकडून त्या अंगाकडे, वरपासून खालपर्यंत फिरवत आणलं.

नख कुठेच अडकलं नाही.