लांबची जागा

"इथून बंगळूरला परत जायला बस कधी असते?" निहारनं विचारलं.

बंगल्याचा मॅनेजर ओशाळला. "सकाळी एकच, सर. तीही खाली हमरस्त्यावरून. फोनलाही रेंज नाही इथं. पण पाहुण्यांना तेच आवडतं."

"परफेक्ट!" निहार म्हणाला.

चंदनानं चमकून त्याच्याकडे पाहिलं. कॉफीचा मळा उतारावरून खाली गेला होता, पलीकडच्या टेकडीवर मंजराबादचा किल्ला धुक्यातून हळूहळू वर येत होता, आणि हा माणूस बसची चौकशी करत होता. सभागृह त्यानं दारातूनच पाहिलं. माइक चालतो का, वीज गेली तर काय, हे सगळं तिलाच विचारावं लागलं.

बंगळूरजवळच्या बोम्मसंद्र्यातल्या पंपांच्या कारखान्याचं ऑफिस चंदना एकोणीस वर्षं सांभाळत होती. परिषदा तिला नव्या नव्हत्या. दरवर्षी साहेबलोक आणि डीलर एखाद्या हॉटेलात जमायचे. यंदा पुण्याहून आलेल्या या नव्या एचआर मॅनेजरनं वेगळंच काढलं होतं. परिषदेला कायम कामगार न्यायचे, सगळेच्या सगळे, दोन रात्री. तिनं देवनहळ्ळी सुचवली होती. तिथंही जुना किल्ला होता, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता आलं असतं. "फार जवळ होतं ते," एवढंच तो म्हणाला होता.

परतताना गाडीत तिनं विचारलं, "सर, कुणाच्या घरी काही अडचण आली तर तो माणूस परत कसा येणार?"

"चंदना मॅडम, तुम्ही फार टेन्शन घेता. लोकांना जरा रिलॅक्स होऊ द्या ना."

"सरी, सर," म्हणत तिनं कानडीत होकार भरला. पण शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

कारखान्यात मात्र आनंदीआनंद होता. लेथवर उभं आयुष्य काढलेले विश्वासराव मुद्दाम तिच्या टेबलापाशी आले. "अक्का, थंडी स्वल्प जास्त असते का गं तिथं? बायको म्हणते, कानटोपी घ्या." तिला हसून उत्तर द्यावं लागलं.

गुरुवारी एक अनोळखी माणूस टेप धरून कारखान्याचं फाटक मापताना दिसला. ती बाहेर गेली. "कोण हवंय?"

"क्रेनवाला आहे, मॅडम. शनिवारी ट्रेलर आत घ्यायचेत. हे खांब आडवे येतील काय, बघतोय."

"कसले ट्रेलर?"

"मशिनं होसकोट्याच्या नव्या शेडमध्ये न्यायचीत ना! साहेब म्हणाले, त्या दिवशी आत कुणी नसेल, आरामात काम करा."

म्हणजे कामगार सहलीहून परततील तेव्हा कारखाना रिकामा असणार, आणि त्यांच्या नोकऱ्याही गेलेल्या. परिषदेची जागा बघायला चंदना स्वतः गेली होती. खोल्यासुद्धा तिनंच ठरवल्या होत्या. नवरा दोन वर्षं घरी बसून होता, तोंड उघडलं तर आपलं काय होणार हे तिला कुणी सांगायला नको होतं. जेवणाच्या सुट्टीत तिनं विश्वासरावांना कँटीनच्या मागे बोलावलं आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांचा चेहरा उतरला, मग कठीण झाला. "जागा बघायला त्याच्याबरोबर तूच गेली होतीस ना?"

"हो अण्णा. पण मला तेव्हा–"

"आणि आता तूच सांगतेस, जाऊ नका? आम्ही नाही गेलो की कामगार ऐकत नाहीत म्हणून बोंब मारायला ते मोकळे. तुला कुणी पाठवलंय, अक्का?"

ते निघून गेले. शुक्रवारी दिवसभर त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

शनिवारी सकाळी कारखान्यासमोर सहलीची बस उभी होती आणि तिच्या मागे तीन ट्रेलर. ट्रेलर दिसल्यावर बसमध्ये कुणी चढलं नव्हतं. सगळे कामगार फाटकाच्या आत, रस्ता अडवून जमिनीवर बसले होते. विश्वासराव सर्वांत पुढे होते.

निहार फोनवरचं बोलणं अर्धवट तोडून आत चंदनाच्या टेबलापाशी आला. "यांना कुणी सांगितलं?"

"मी सांगितलं, सर."

तो तिच्या टेबलावर वाकला. "तुमच्यावर विश्वास टाकला होता मी."

"त्यांनीही टाकला होता," चंदना म्हणाली.

त्यानं तिचं ओळखपत्र मागून घेतलं आणि सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं. तिनं डबा आणि छत्री उचलली. ती बाहेर पडताना विश्वासराव उठून तिच्यापाशी आले.

"घरी काय सांगशील गं?"

"सांगेन काहीतरी. तुम्ही बसा अण्णा, जागा सोडू नका."

रस्ता ओलांडून ती समोरच्या थांब्यावर गेली. रोज संध्याकाळी घराकडच्या बसला लोंबकळायला लागायचं. आत्ता ती आली, थांबली, तर आत जागाच जागा होती. चंदना मधोमध उभी राहिली. कुठं बसावं, तिला कळेना.